सी प्रोग्राममध्ये उघडलेली फाईल नीट बंद कशी करावी

खानापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी सीमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, बस्स. एका संध्याकाळी साठ जणांचं दूध घालून झालं आणि करंट गेला. परत आल्यावर बघतो तर फाईल शून्य बाइटची!

प्रत्येक नोंद एफप्रिंटएफ या लिहिणाऱ्या फंक्शनने लिहिली होती, पण ती आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठते. लिनक्सवर हा बफर बहुधा ४०९६ बाइटचा असतो. माझी एक नोंद वीसेक बाइटची, म्हणजे दोनशे नोंदी होईपर्यंत फाईल कोरीच. फाईल बंद करणारा एफक्लोज आधी हा बफर फाईलमध्ये रिकामा करतो, मग फाईल सोडतो. म्हणून तो महत्त्वाचा.

सुरुवात उघडण्यापासून करा. फाईल उघडणाऱ्या एफओपनने पॉइंटरऐवजी नल दिला, म्हणजे फाईल उघडलीच नाही, तर तिथेच थांबा. मेमरी परत करणाऱ्या फ्रीला नल चालतो, एफक्लोजला चालत नाही. प्रोग्राम कोसळू शकतो.

लिहून झाल्यावर एफएररने आधी काही चुकलंय का बघा. मग बंद करा, आणि उत्तर तपासा (एफपी म्हणजे एफओपनने दिलेला पॉइंटर, ईओएफ म्हणजे चूक झाल्याची खूण, पीएरर ती चूक पडद्यावर दाखवतो):

इफ (एफक्लोज(एफपी) == ईओएफ) पीएरर("फाईल बंद करताना चूक");

शून्य आलं तर ठीक. ही ओळ बहुतेक जण गाळतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. डिस्क भरलेली असेल तर एफप्रिंटएफ खुशाल यशस्वी होतो, चूक कळते ती बंद करताना. खात्री करायची तर लिनक्सवर /डेव्ह/फुल ही कायम भरलेल्या डिस्कसारखी वागणारी खास फाईल उघडून एक ओळ लिहा. एफक्लोज ईओएफच देईल.

ईओएफ आला तरी त्याच पॉइंटरवर पुन्हा एफक्लोज करू नका. पॉइंटर तेव्हाही निकामी झालेला असतो. लगेच एफपी = नल करा.

फंक्शनमधून मधेच चार ठिकाणी रिटर्न असतील तर एखाद्या वाटेवर फाईल उघडी राहतेच. गोटूने, म्हणजे लेबलवर उडी मारणाऱ्या आज्ञेने, सगळ्या वाटा शेवटच्या एका लेबलवर आणा आणि तिथेच बंद करा. पीओपनने (तो दुसरा प्रोग्राम चालवून त्याच्याशी जोडतो) उघडलेलं मात्र पीक्लोजनेच बंद करा.

आणि करंटचं काय? बंद करण्याची वाट न बघता प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश करा, मग फाइलनोने मिळालेल्या फाईलच्या क्रमांकावर एफसिंक. एफफ्लशने डेटा फक्त कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, जातो, डिस्कवर उतरवायला एफसिंकच लागतो. त्या केंद्रावर आता ही दोन्ही शून्य आल्याशिवाय पडद्यावर ‘नोंद झाली’ उमटत नाही.