जागतिक राजकारणावरील व्हिडिओ मालिका: कॅमेरा सुरू करण्याआधीची आखणी

जागतिक राजकारणावर मराठीतून शैक्षणिक व्हिडिओ मालिका काढायची असेल, तर चालू बातमीपासून सुरुवात करू नये. वृत्तवाहिन्यांकडे वार्ताहर असतात, वृत्तसंस्थांची वर्गणी भरलेली असते आणि आज चूक झाली तरी उद्या नवी बातमी हाताशी असते. दोन-तीन जणांच्या स्वतंत्र गटाकडे यांतले काहीच नसते, त्यामुळे बातमीशी स्पर्धा करू गेले की लवकरच दमछाक होते. अशा गटाच्या हाती असतो तो वेळ. म्हणून जे सावकाश बदलते ते निवडावे: भूगोल, तह, संस्थांचे नियम. उदाहरणादाखल येथे सामुद्रधुन्या आणि कालवे हा विषय घेतला आहे, कारण तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो आणि युद्ध, व्यापार, इंधन व आंतरराष्ट्रीय कायदा असे सगळे धागे त्यात एकत्र येतात.

सुएझ, बाब-अल-मंदेब (लाल समुद्राचे दक्षिणेकडील तोंड), होर्मुझ (इराणच्या आखाताचे तोंड), मलाक्का (मलेशिया आणि सुमात्रा यांच्यामधील), तुर्कस्तानातील बॉस्फरस-डार्डानेल्स आणि पनामा असे सहा भाग सहज होतात. मात्र 'सुएझ कालव्याची माहिती' हा भाग होत नाही. ती विश्वकोशातील नोंद होते. प्रत्येक भागाला एकच प्रश्न हवा, आणि तो असा हवा की उत्तर शोधताना निवेदकालाही कागदपत्रे चाळावी लागतील. लष्करीदृष्ट्या वरचढ असलेल्या ब्रिटन आणि फ्रान्स यांना १९५६ मध्ये इजिप्तवर हल्ला केल्यानंतर सुएझमधून माघार का घ्यावी लागली? बॉस्फरस-डार्डानेल्समधील वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या १९३६ च्या मॉन्त्रो कराराचा आधार घेऊन तुर्कस्तान २०२२ मध्ये युद्धनौकांना वाट कशी नाकारू शकला? १९७७ च्या करारांनुसार अमेरिकेने १९९९ च्या अखेरीस पनामा कालवा सोडून देण्याचे का मान्य केले? मलाक्कासाठी असा प्रश्न चटकन सापडत नाही, कारण तेथील राजकारण घडलेल्या घटनेपेक्षा संभाव्य कोंडीच्या भीतीवर अधिक चालते. तो भाग शेवटी ठेवावा. होर्मुझही पहिला घेऊ नये. ते नाव सतत बातम्यांत असते आणि संहिता पूर्ण होण्याआधीच शिळी होण्याची शक्यता असते.

प्रश्न ठरला की पहिले काम म्हणजे तारखांचा तक्ता. त्यात तीन रकाने पुरतात: दिनांक, घटना आणि आधार. सुएझच्या तक्त्यात २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी केलेली कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा येईल, ऑगस्टमधील कालव्याच्या प्रश्नावरची लंडन परिषद येईल, २९ ऑक्टोबरचा इस्राएलचा हल्ला येईल, दुसऱ्या दिवशी सुरक्षा परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वापरलेला नकाधिकार येईल. त्याच तक्त्यात ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये शिरलेले सोव्हिएत रणगाडे आणि ६ नोव्हेंबरची अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूकही लिहावी. या दोन ओळी नसतील, तर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आपल्याच मित्रराष्ट्रांवर इतके का संतापले आणि पौंड कोसळत असताना त्यांनी ब्रिटनची आर्थिक मदत का रोखून धरली, हे प्रेक्षकाला कळणार नाही. तक्ता तयार होत असतानाच भागाची रचना आपोआप दिसू लागते, असा अनुभव येतो.

खरी परीक्षा आहे ती तिसऱ्या रकान्याची. मूळ कागदपत्र म्हणजे खात्रीचा आधार, असे आपण धरून चालतो. सुएझचे प्रकरण तो भ्रम घालवते. २० डिसेंबर १९५६ रोजी ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांनी संसदेत सांगितले की, इस्राएल हल्ला करणार याची पूर्वकल्पना सरकारला नव्हती. हे निवेदन अधिकृत आहे, छापील आहे, कोणालाही वाचता येते आणि ते असत्य आहे. कारण २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांच्या प्रतिनिधींनी नेमक्या याच योजनेच्या मसुद्यावर सह्या केल्या होत्या. ब्रिटनने आपली प्रत नष्ट केली, पण इस्राएलची प्रत टिकली. म्हणून राजकीय विधानाला किमान दोन आधार हवेत आणि ते दोन्ही एकाच सरकारचे नसावेत, असा नियम गटाने आधीच करावा. अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले राजनैतिक पत्रव्यवहाराचे खंड, सुरक्षा परिषदेच्या बैठकांची शब्दशः इतिवृत्ते आणि लोकसभेतील चर्चा हे सर्व घरबसल्या, विनामूल्य वाचता येते. यावर पुढच्या काळातील एखाद्या इतिहासकाराचे विवेचन जोडले की बहुतेक प्रश्न मार्गी लागतात. जेथे दोन देशांची कथने जुळत नाहीत, तेथे निवाडा करण्याची घाई न करता दोन्ही कथने पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवावीत. सेव्रच्या बाबतीत मात्र असा समतोल साधणे म्हणजे प्रेक्षकाची दिशाभूल ठरेल.

'यात भारताचे काय?' हा प्रश्न मराठी प्रेक्षक विचारणारच, परंतु प्रत्येक भागात ओढूनताणून भारत आणू नये. सुएझमध्ये तो मुळातच आहे: लंडन परिषदेत भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी स्वतंत्र प्रस्ताव मांडला होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलात भारतीय सैनिक १९६७ पर्यंत होते. बाब-अल-मंदेबचा संबंध तर थेट नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंत पोहोचतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हौथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक जहाज कंपन्यांनी लाल समुद्र टाळला. त्यामुळे न्हावा-शेवाहून युरोपला निघालेले द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले आणि नाशवंत मालाचा प्रवास लांबला. हे उदाहरण भागाच्या मध्यावर यावे. आरंभी आले तर पुढचा येमेन कोणी ऐकत नाही.

संहिता शब्दशः लिहून काढावी. शांतपणे, समजेल असे मराठी बोलल्यास मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे बारा मिनिटांच्या भागासाठी चौदाशे शब्द पुष्कळ झाले. परकी नावे कशी लिहायची आणि कशी उच्चारायची याची एक यादी सर्व भागांसाठी सामाईक ठेवावी.

नकाशांच्या बाबतीत ढिलाई महागात पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे दंडनीय अपराध आहे, आणि अरबी समुद्राच्या नकाशातही कोपऱ्यात काश्मीर डोकावू शकते. 'नॅचरल अर्थ' हा मुक्त नकाशासंच सोयीचा आहे, परंतु त्यातील मूळ सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेल्या असतात. त्यात भारताच्या भूमिकेनुसार सीमा दाखवणारी आवृत्तीही मिळते. तीच घ्यावी आणि तरीही सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहावी. जुन्या चित्रफितींचेही तसेच आहे. १९५६ ची वृत्तचित्रे यूट्यूबवर दिसतात म्हणून ती फुकट होत नाहीत. बरीचशी खासगी कंपन्यांच्या मालकीची आहेत. त्याऐवजी अमेरिकी सरकारी संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त छायाचित्रे आणि स्वतः काढलेले नकाशे यांवर भर द्यावा. शिकवण्याच्या दृष्टीने हलत्या चित्रफितीपेक्षा सावकाश उलगडणारा नकाशा बहुतेक वेळा सरस ठरतो, असे माझे मत आहे.

पैशाचा प्रश्न लवकर मिटवावा. राजकीय पक्ष, परदेशी दूतावास किंवा त्यांच्याशी जोडलेल्या संस्था यांचे प्रायोजकत्व घेतले की 'स्वतंत्र' हे विशेषण उरत नाही. इतर कोणाची मदत घेतली असेल, तर ती प्रत्येक भागाच्या आरंभीच सांगावी. पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी किमान तीन भागांच्या संहिता तयार असाव्यात आणि प्रत्येक संहिता दोघांना वाचायला द्यावी: एक राज्यशास्त्र वा इतिहास शिकवणारी व्यक्ती, आणि एक या विषयाशी काहीही संबंध नसलेली. पहिली व्यक्ती तथ्ये तपासते. दुसरी कोठे अडखळते तेथे पेन्सिलीने खूण करायला सांगावे आणि तेवढी वाक्ये पुन्हा लिहावीत. प्रसिद्धीनंतर चूक आढळल्यास ती गुपचूप कापून टाकू नये, कारण भाग वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकाला काय बदलले ते कळायला हवे. व्हिडिओच्या खालील वर्णनात दिनांकासह दुरुस्ती लिहावी आणि आधाराच्या तक्त्यातली ती ओळही त्याच दिवशी सुधारावी.