जुनी गाडी घेतलीय आणि इंजिन कुरकुर करतंय? गॅरेजला जायच्या आधी हे बघा

सेकंडहँड गाडी घरी आली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि चौथ्या दिवशी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली की आपण काय करतो, सरळ गॅरेज गाठतो. गॅरेजवाला वाईट असतो असं नाही हो, पण त्याच्याकडे गाडी पोचते ती गरम होऊन आणि त्याच्याकडे वेळ असतो पाच मिनिटं, मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचा आणि बिल आपण भरायचं. माझ्या २०११ च्या तीन सिलिंडरवाल्या पेट्रोल हॅचबॅकला एकाने "हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन उघडून रिंगसारखे आतले भाग बदलावे लागतील) सांगितलं होतं. प्रत्यक्षात काय निघालं ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट, सकाळी रात्रभर उभी असलेली गाडी बघायची, कारण इंजिन थंड असतानाच खरं काय ते कळतं. (विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर तिथेच शंका घ्यायला हवी होती, पण आता घेतलीय तर जाऊ दे.) डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, ऑइल किती आहे आणि कसलं आहे बघा. काळं असेल तर घाबरू नका, जुनं ऑइल काळंच असतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र पाणी मिसळलंय, गाडी चालू करू नका, हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पांढरा साका असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा ती पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटर चालवल्याची वाफ असते, लांब चालवली की जाते.

मग रेडिएटरचं झाकण. गाडी थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आत हिरवं किंवा लाल कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) दिसलं पाहिजे, गंजासारखं तांबूस पाणी असेल तर आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतत दिवस काढलेत. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, सुरुवातीला एकदोन बुडबुडे ठीक पण ते थांबायचं नाव घेत नसतील तर गॅस्केटमधून गॅस पाण्यात येतोय.

चावी ऑन करा, स्टार्ट नको. चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा आणि स्टार्ट झाल्यावर विझायला हवा. दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलाय, मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

आता सेल्फ मारा आणि एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब नॉर्मल. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होणं हे तिन्ही असेल तर पाणी जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आधी एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल, आणि इथे घाई करायची नाही. निळा धूर फक्त सकाळी स्टार्टला भसकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत गळू न देणारं रबर), रेस दिली की सतत येत असेल तर पिस्टनची रिंग. दोन्हीच्या खर्चात खूप फरक आहे. मी हे खंबाटकी घाटाच्या पुढे बघितलं, मित्र मागे बाईकवर, उतारावर पाय सोडून गिअरमध्ये गाडी येऊ दिली आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला, एक निळा भपका निघाला आणि संपला. म्हणजे सील.

आवाजासाठी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावा आणि टोक इंजिनवर, पण बेल्ट आणि फॅनपासून लांब. वरच्या बाजूला बारीक टिकटिक म्हणजे बहुतेक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). खालून जड ठोके, रेस वाढवली की वाढणारे, तर गाडी तिथेच बंद करा आणि टोइंग बोलवा.

मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर प्लग काढून बघा, बिस्किटासारखा रंग असेल तर उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओली तेलकट काळी म्हणजे ऑइल. आणि एक ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) घ्याच. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं पण त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत सॉकेट असतो. पी०३०२ कोड आला म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिसिंग. लगेच कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) विकत आणू नका, दोनची कॉइल तीनला लावा, कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा.

आता माझी गंमत. गाडीचा टेम्परेचरचा काटा कधी वर जायचाच नाही, मी खूश, म्हटलं काय थंड इंजिन आहे. अ‍ॅव्हरेज मात्र ११, प्लग काळेकुट्ट. डोंगल लावला तर हायवेला कूलंट ६२ डिग्री! थर्मोस्टॅट वॉलच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला. कधीतरी गाडी तापली असेल आणि रेडिएटर साफ करायच्या ऐवजी कोणीतरी वॉल काढून दिला, मग इंजिन गरमच होईना आणि कॉम्प्युटरला वाटतंय अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल ओततोय. नवीन वॉल लावला, पण त्याआधी रेडिएटर खोलून साफ केला, नाहीतर जुनं तापणं परत आलं असतं.

एवढं करूनही इंजिन उघडायची वेळ आलीच तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादं कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारची दोन कमी असतील तर मधलं गॅस्केट. हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि मग हाफ इंजिनची बोलणी करा.

माझ्या गाडीचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. अ‍ॅव्हरेज आता १६-१७ देते. सील अजून तेच आहेत, हजार किलोमीटरला थोडं ऑइल पिते, डिकीत अर्ध्या लिटरचा डबा टाकून ठेवलाय आणि दर रविवारी डिपस्टिक बघतो.