आजारपणात संतांच्या मध्यस्थीची प्रार्थना कशी करावी

घरात मोठे आजारपण आले की सोलापुरात नातेवाईक आणि शेजारीपाजारी आपुलकीने नाना उपाय सुचवतात, आणि त्यात एखादा नवस बोलण्याचा सल्ला हमखास असतो. आश्रयदात्या संतांकडे, म्हणजे एखाद्या आजारात किंवा कामात परंपरेने ज्यांची आठवण केली जाते अशा संतांकडे, केलेली प्रार्थना मात्र नवस नव्हे. कॅथलिक श्रद्धेनुसार बरे करणारा परमेश्वर आहे. संतांना आपण फक्त आपल्यासाठी त्याच्याकडे विनंती करायला सांगतो. हा फरक आधी मनात पक्का करावा, कारण प्रार्थनेला देवाणघेवाणीचे रूप आले की दुखणे वाढताच आपलीच भक्ती कमी पडली असे रुग्णाला वाटू लागते, आणि आधीच खचलेल्या माणसावर तो भार टाकणे क्रूरपणाचे आहे.

संत शक्यतो एकच निवडावा. डोळ्यांच्या विकारात संत लुसी, घशाच्या दुखण्यात संत ब्लेज, स्तनांच्या आजारात संत अगाथा आणि मानसिक आजारात संत डिम्फ्ना यांची आठवण परंपरेने केली जाते. कर्करोगाच्या रुग्णांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन आहेत. इटलीतील फोर्ली गावच्या या संन्याशाच्या पायाला असाध्य व्रण झाला होता. पाय कापण्याच्या आदल्या रात्री ते क्रुसासमोर प्रार्थना करत बसले आणि सकाळी व्रण भरून आलेला दिसला, अशी परंपरा आहे. उपचारांसाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात ये-जा करणाऱ्या कुटुंबाने ही कथा जरूर वाचावी, पण ती बरे होण्याची हमी म्हणून रुग्णाला सांगू नये. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची भीती या संताने स्वतः अनुभवली आहे, एवढे रुग्णाला कळले तरी त्याचे एकटेपण हलके होते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी संत कॅमिलस यांना हाक मारावी. त्यांच्या स्वतःच्या पायाची जखम आयुष्यभर बरी झाली नाही, तरी त्यांनी रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला. 1886 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना आणि संत जॉन ऑफ गॉड यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते घोषित केले. सिव्हिलच्या व्हरांड्यात चादर अंथरून रात्र काढणाऱ्या मुलाला किंवा सुनेला संत कॅमिलस फार जवळचे वाटतील असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष प्रार्थना लहान असावी. केसपेपर आणि रिपोर्ट ठेवतो त्याच फाइलमध्ये संताचे चित्र ठेवावे, म्हणजे रुग्णालय बदलले तरी ते सोबत राहते. डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर किंवा रात्रीची औषधे दिल्यावर, आधी रुग्णाला विचारून, त्याचा हात हातात घेऊन क्रुसाची खूण करावी आणि एक प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) व एक ‘नमो मरिया’ (मरियामातेची प्रार्थना) म्हणावी. त्यानंतर आपल्या शब्दांत मागावे: ‘संत पेरेग्रीन, उद्याच्या किमोची मला भीती वाटते, आमच्यासाठी विनंती कर.’ भीती, चिडचीड, थकवा जसा असेल तसा बोलावा. रुग्णाला बोलवत नसेल तर आपण म्हणावे आणि त्याने नुसते ऐकावे. त्याला नको असेल त्या दिवशी आग्रह न धरता बाहेर बसून म्हणावी. नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, धरली असेल आणि धावपळीत एखादा दिवस चुकला, तर पुढच्या दिवसापासून ती तशीच चालू ठेवावी. प्रार्थनेच्या भरवशावर गोळ्या किंवा तपासणी मात्र कधीही चुकवू नये.

गंभीर आजारात फादरांना वेळेवर निरोप द्यावा. पवित्र तेलाचा संस्कार फक्त शेवटच्या घटकेला करायचा असतो, या समजुतीने अनेक घरे तो लांबणीवर टाकतात आणि रुग्ण शुद्धीत असतानाचा दिलासा हातचा जातो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो आणि आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो; फादर कपाळाला व हातांना तेल लावून प्रार्थना करतात. घरी असाल तर लहान टेबलावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. रुग्णालयात आधी वॉर्डातील नर्सची परवानगी घ्यावी, आणि जवळ ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती मुळीच पेटवू नये.