व्हर्जिनियात हँडगन घेताना ३० दिवसांचा हिशोब कसा ठेवायचा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात दुकानातून ३० दिवसांत एकच हँडगन घेता येते, तो हिशोब कसा ठेवायचा ते सांगतो. पहिली गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, ३० दिवस म्हणजे कॅलेंडरचा महिना नाही. ३१ जानेवारीला एक घेतली आणि आता फेब्रुवारी लागला म्हणून १ तारखेला परत दुकानात, असं चालत नाही. कुठलेही सलग ३० दिवस धरा, तेवढ्यात डीलरकडून एकच हँडगन. माझा एक मित्र सेल बघून २६व्या दिवशीच जाऊन उभा राहिला, काउंटरवरच्याने हसून परत पाठवला आणि वर सेलही संपला. मी काय करतो, ऑनलाइन पैसे कधी भरले ते सोडून देतो, पिस्तूल हातात मिळाली ती तारीख धरतो आणि फोनवर ३३व्या दिवसाचं रिमाइंडर लावतो. दोन दिवस जास्त गेले तर मुहूर्त थोडाच टळतोय, आणि पावती जपून ठेवा.

हा नियम फक्त हँडगनला आहे, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर. रायफल किंवा शॉटगनला ३० दिवसांची अट नाही.

आता आपल्या भारतीय लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, दिवस मोजायच्या आधी स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस बघा. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानेच बंदूक विकत घेणं काय, जवळ बाळगणंही मना आहे. हंटिंग लायसन्सवाल्यांना वगैरे अपवाद आहेत, पण त्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, फॉर्मवर कार्डावरचा एलियन नंबर लिहावा लागतो. डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता हवा, घर बदलून वर्ष झालं आणि डीएमव्हीत (लायसन्स देणारं ऑफिस) पत्ता जुनाच, असे आपल्यात ढिगाने आहेत, तो आधी बदला नाहीतर हेलपाटा नक्की.

दुकानात दोन फॉर्म असतात, फेडरलचा ४४७३ आणि राज्याचा एसपी-६५. ते भरले की डीलर स्टेट पोलिसांकडे तुमचा बॅकग्राउंड चेक टाकतो, या राज्यात राहणाऱ्याला त्याची फी फक्त २ डॉलर. मागच्या ३० दिवसांत घेतली असेल तर ते इथेच अडकतं.

अपवाद आहेत आणि बरेच जणांना ते माहीतच नसतात. व्हर्जिनियाचं कन्सील्ड कॅरी परमिट (हँडगन लपवून जवळ बाळगायचा परवाना) असेल तर ही ३० दिवसांची अट लागूच होत नाही, पण म्हणून दोन-तीन एकदम उचलल्या तर कामकाजाच्या सलग ५ दिवसांत एकाच माणसाला दोन किंवा जास्त हँडगन विकल्या म्हणून डीलरला एटीएफला (बंदुकांवर लक्ष ठेवणारं फेडरल खातं) कळवावंच लागतं. त्यात गुन्हा काही नाही, नोंद होते इतकंच. घेतलेली पिस्तूल त्याच दुकानात ३० दिवसांच्या आत बदलून दुसरी घेतली तर ती नवीन खरेदी धरत नाहीत. जुनी देऊन त्याच व्यवहारात दुसरी घेतली तरी चालतं, दिवसाला असा एकच व्यवहार. चोरीला गेली असेल तर पोलीस रिपोर्टची कॉपी घेऊन जायचं, आणि चोरी मागच्या ३० दिवसांतली असायला हवी. कलेक्शनवाल्यांसाठी स्टेट पोलिसांचा वेगळा जास्त कडक चेक आहे, तो पास झाला की जास्त घेता येतात.

चुकून नियम मोडला तर? क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. पण ग्रीन कार्डवाल्यांनो, तुमचं खरं दुखणं पुढे आहे, बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरणं हे इमिग्रेशनमध्ये डिपोर्ट करायचं कारण होऊ शकतं. एक पिस्तूल चार दिवस आधी मिळावी म्हणून सगळा संसार पणाला लावायचा का?

"माझे ३० दिवस झाले नाहीत, तू तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो" हे तर अजिबात नको, मित्र असो की मेहुणा. ४४७३ वर सरळ प्रश्न असतो की खरा खरेदीदार तुम्हीच का. व्हर्जिनियातल्याच एका माजी पोलिसाने आपल्या अंकलसाठी ग्लॉक पिस्तूल घेतली (काका की मामा, ते इंग्रजीत कळायची सोय नाही), का तर याला पोलिसांचं डिस्काउंट मिळत होतं. अंकल स्वतः कायद्याने घेऊ शकत होता, तरी सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ ने शिक्षा कायम ठेवली. स्वतःच्या पैशाने खरंच गिफ्ट देणं वेगळं, दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेणं वेगळं.

हा नियम मुळात अशाच लोकांसाठी आला. इथे पाहिजे तितक्या घ्यायच्या, गाडीत टाकून आय-९५ हायवेने न्यूयॉर्कला नेऊन विकायच्या, असा धंदाच होता. त्यावर १९९३ मध्ये गव्हर्नर वाइल्डर यांच्या काळात हा कायदा झाला, २०१२ मध्ये काढून टाकला आणि १ जुलै २०२० पासून परत आणला, म्हणून जुनी मंडळी तुम्हाला छातीठोक सांगतील की असं काही नाहीये. मला विचाराल तर नियम बरा आहे, रेंजवर जाणाऱ्या साध्या माणसाचं त्यात काही अडत नाही. पण त्याने सगळं थांबतं असंही समजू नका. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांना मारणाऱ्याने पहिली पिस्तूल ९ फेब्रुवारीला ताब्यात घेतली आणि दुसरी १३ मार्चला घेतली, म्हणजे त्यानेही ३० दिवस व्यवस्थित मोजले होते. गेलेल्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी पण होती. किती दिवसांनी घेतो ते कायदा बघतो, का घेतो ते कुठे बघतो.

भारतातला हिशोब डोक्यातून काढून टाका, तिथे मोजतात ते जवळ किती आहेत ते, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ३ वरून २ केल्या. इथे किती जवळ आहेत ते कोणी मोजत नाही, किती पटापट घेता ते बघतात.

आणि मेरीलँडला जाऊन दुसरी आणू हा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर, हँडगन आपल्या राहत्या राज्यातच मिळते, आणि मेरीलँडमध्ये ३० दिवसांचा नियम आहेच. न्यू जर्सीला शिफ्ट होणार असाल तर तिथे ३० दिवस तर आहेतच, वर प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट. कॅलिफोर्नियातला असाच नियम जून २०२५ मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे बे एरियातल्या चुलत भावाचा व्हॉट्सॲप वाचून इथल्या दुकानात वाद घालत बसू नका, निघायच्या आधी डीलरला एक फोन करून आज नियम काय चालू आहे ते विचारून घ्या.