पांढरं अस्वल नको, बांधातली मानस काढा! पर्यावरणाची भिंत रंगवताना या चुका टाळा

पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि गोव्यात मॉन्सूनही साधारण त्याच आठवड्यात येऊन टेकतो. या एका योगायोगाने आमच्याकडची जितकी भित्तिचित्रं खाल्ली, तितकी उन्हानेही खाल्ली नसतील. मे महिनाभर शाळेला सुट्टी, शेवटच्या आठवड्यात धावपळ, चार तारखेच्या रात्री हॅलोजन लावून पृथ्वीला हिरवा रंग, पाचला फोटो. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधेपर्यंत पृथ्वीला पोपडे.

मी चित्रकला शिकवतो, डिचोली तालुक्यात. मुलांना घेऊन बऱ्याच भिंती रंगवल्या. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत, त्यामुळे हक्काने सांगतो.

आधी भिंत बघा, चित्राचं नंतर

आपल्याकडची कंपाउंडची भिंत म्हणजे चिरे. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात हा दगड जमिनीतून ओल ओढतो आणि हात-दीड हात वर चढवतो. पाणी सुकतं, त्यातले क्षार मागे राहतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. रंगाच्या थराला आतून ढकलतो तो हाच. म्हणजे वरून पाऊस लागून रंग गेला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो मागून गेलेला असतो.

ओळखायचं कसं? फूटभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी कडा चिकटपट्टीने भिंतीवर पक्क्या बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर भिंत ओली आहे, कितीही कोरडी दिसली तरी. मग थांबा. ही परीक्षा मी पहिली चार-पाच वर्षं केलीच नाही, कारण मला ती माहीतच नव्हती. एका गवंड्याने सांगितली, तीही माझी भिंत सोलून निघाल्यावर.

दुसरी परीक्षा तळहाताची. भिंतीवर हात घासा. पांढरी पूड आली तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय वर काहीही टिकत नाही, तुमचा रंग भिंतीला नव्हे तर त्या पुडीला चिकटतो. पूड लोण्याच्या क्षारांची असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात आणि पुढच्या उन्हात पुन्हा हजर.

नव्या सिमेंट गिलाव्याला निदान महिनाभर पाणी मारून, सुकवून तसंच सोडा. जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. ताज्या सिमेंटमधला खार रंग जाळतो, निळ्यावर पांढरट डाग पडतात. आणि ज्या भिंतीच्या पलीकडे मातीचा भराव आहे ती भिंत रंगवूच नका. मागे ओली माती, पुढे तुमचा रंग, मध्ये चिरा: निकाल ठरलेला. तिथे फुटक्या लाद्यांचं मोझॅक करा. लादीवर चित्र काढायची हौस आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आहेच.

सगळ्यात मोठा गैरसमज चकचकीत वॉर्निशचा. "वरून क्लिअर कोट मारला की चित्र सुरक्षित" असं दुकानदार सांगतो. कोरड्या भिंतीवर ठीक आहे. ओल्या भिंतीवर तो कोट म्हणजे पातेल्यावरचं झाकण. आतली वाफ बाहेर पडत नाही, चित्रावर पांढरट धुकं चढतं, मग फोड येतात. ऑइल पेंटचंही तेच. भिंतीला श्वास घेऊ देणारा बाहेरच्या वापराचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्या, किंवा चुन्याचं काम करा.

माथा विसरू नका. भिंतीच्या वर उतार नसेल तर पाणी चित्रावरूनच ओघळतं आणि ऑगस्टपर्यंत काळे-हिरवे पट्टे ओढतं. माथ्यावर सिमेंटचा उतरता थर द्या, तो पुढे दोन बोटं आलेला असू द्या. खर्च चित्राच्या रंगाहून कमी येतो.

हंगाम? दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. मे कोरडा म्हणून भरवशाचा, असं आम्हीही मानत होतो. मग २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ आलं.

लाल रंग विटला आणि पृथ्वी थंड झाली

ही गोष्ट जरा सावकाश सांगतो. एड हॉकिन्स नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये तापमानाचे पट्टे लोकप्रिय केले. एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. आकडा नाही, अक्षर नाही, डावीकडून उजवीकडे निळ्याचं लाल होत जातं. भिंतीसाठी याहून सोपं काय असणार? आम्ही वीस मीटर लांब पट्टे मारले. लाल कमी पडला तेव्हा दुकानातून स्टेनरच्या, म्हणजे घट्ट रंगाच्या, छोट्या बाटल्या आणून पांढऱ्यात घोटला.

दोन उन्हाळ्यांत निळा जसाच्या तसा. लालाचा गुलाबी झाला, शेवटचे पट्टे तर बडीशेपेच्या गोळीसारखे फिके. पाचवीतली एक मुलगी भिंतीसमोर उभी राहून मला विचारते, "सर, आता परत थंड व्हायला लागलं?"

चूक माझी. भडक लाल-पिवळ्या रंगांत बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्य असतं आणि त्यातली कित्येक ऊन सोसत नाहीत. शेड कार्डवर काही छटांसमोर 'फक्त आतल्या भिंतींसाठी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचायचं. टिकणारा लाल म्हणजे आयर्न ऑक्साइड. तो भडक नसतो, विटकरी असतो, पण उन्हाला बधत नाही. आणि हा काही दुकानातून शिकायचा धडा नव्हे. मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावी काम बघा: पांढऱ्या चुन्यावर लाल मातीची काव, ओली असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा केलेला. ती काव म्हणजे आपल्या मातीतलं लोहच. मी मंदिराला नमस्कार करून बाहेर आलो होतो, भिंतीकडे बघितलं नव्हतं.

पांढरं अस्वल आणि इतर पाहुणे

मुलांना "हवामानबदल काढा" म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत काय येतं ते मला आता पाठ आहे. बर्फाच्या तुकड्यावरचं अस्वल, थर्मामीटर तोंडात धरलेली पृथ्वी, काळा धूर ओकणारी चिमणी, गॅस मास्क. डिचोलीच्या पोराने बर्फ पाहिलाय तो मासळी बाजारात.

यात मुलांचा दोष नाही, मोबाइलवर शोधलं की तेच दिसतं. पण रस्त्याने जाणारा माणूस अशी भिंत बघतो आणि मनात म्हणतो, हे कुठलं तरी लांबचं आहे. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनीच्या प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये चळवळ उभी राहिली, तेव्हा चित्रकारांनी तिथलेच प्राणी, तिथलीच झाडं काढली. लोकांना ती आपली वाटली, कारण ती आपली होती.

आपल्याकडे काढायला काय कमी आहे? खाजनं घ्या. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन, भरतीच्या पातळीहून खोल, मातीच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार. भरतीला नदीचं पाणी रेटा देतं तेव्हा मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतात. वीज नाही, पंप नाही. समुद्र चढला तर पहिला प्रश्न या दाराला पडणार.

एकदा मुलांना बांधावर घेऊन गेलो. जगातली समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली, हे मी फळ्यावर लिहिलं होतं आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. बांधावर शेत करणारे एक काका होते. त्यांना आकडा सांगितला. त्यांनी वीत मोजली, म्हणाले, "म्हणजे वीतभर, जरा कमीच." मग वाकून पाण्याच्या रेषेपासून बांधाच्या माथ्यापर्यंत वीत लावत गेले. तीन भरल्या. "पुनवेच्या भरतीला यातल्या दोन जातात," म्हणाले आणि परत कामाला लागले. त्या वर्षीची भिंत म्हणजे एक मानस आणि त्याशेजारी उभ्या लावलेल्या तीन विती. पृथ्वी नाही, थर्मामीटर नाही.

स्थानिक काढताना मात्र नीट बघून काढा, नाहीतर गावातलेच लोक हसतात. खारफुटीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, श्वासासाठी. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी फुटून खाली उतरतात. चित्रांत एकाच झाडाला दोन्ही लावलेली दिसतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले कासव, राखाडी-शेवाळी पाठीचं. प्रवाळांत पोहणारं पोपटी कासव कुठल्या तरी कार्टूनमधलं असतं. आणि "झाडे लावा"च्या खाली अकेशियाची लांबोडकी पानं काढू नका. ते झाड ऑस्ट्रेलियाकडचं, खाणींच्या ढिगांवर आणून लावलेलं.

विज्ञानाची खिचडी

ओझोनला पडलेलं भोक आणि तापमानवाढ हे दोन वेगळे विषय आहेत. ओझोनचं प्रकरण मुख्यतः सीएफसी वायूंचं, त्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. तापमानवाढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. एकाच भिंतीवर छत्रीला भोक पाडून त्यातून ऊन आत येतंय असं दाखवलं की पाहणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही कायमचे चिकटतात.

तसंच तरंगता बर्फ. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही, सरबताच्या ग्लासात करून बघा. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळून आणि पाणी तापून फुगल्यामुळे. त्यामुळे अस्वलाच्या बर्फावरून थेट पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या लाटेकडे बाण काढू नका.

"अमुक साली पणजी बुडणार" असलंही काही लिहू नका. साल उलटतं, भिंत तिथेच असते.

आणि प्लास्टिक, खाणी, म्हादईचं पाणी, समुद्र हे सगळं एका भिंतीत कोंबू नका. प्रत्येकाचं कारण वेगळं. एक भिंत, एक गोष्ट.

ट्रकला दात काढले

हे लिहायला अजून जड जातं. आमच्या भागात भिंत शाळेची होती आणि समोरची घरं ट्रकवाल्यांची. आम्ही खाणीचं चित्र काढलं: डोंगर पोखरलेला आणि पुढे तोंड वासलेला, दात विचकणारा ट्रक. मुलांना जाम आवडला. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवर चुन्याचा पोचारा.

मी चिडलो. मग एक पालक भेटायला आले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुम्ही माझ्या गाडीला दात काढलेत. खाण माझी होती का?" २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली, दोन्ही वेळा गाड्या दारात उभ्या आणि बँकेचा हप्ता चालू. आमच्या चित्रात लीजधारक कुठेच नव्हता. जो रोज दिसतो त्यालाच आम्ही राक्षस केला होता.

दुसऱ्यांदा त्याच भिंतीवर शेत काढलं, खाणीवरून वाहून आलेला लाल गाळ भाताच्या रोपांच्या कमरेपर्यंत. कुठलं शेत, गाळ कुठल्या बाजूने शिरतो, हे त्याच पालकांनी सांगितलं. ते चित्र कुणी पुसलं नाही.

किरकोळ, पण नडणारं

परवानगी लेखी घ्या, पंचायतीची किंवा पालिकेची, आणि मालकाचीही. गोव्यात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९८८ पासून आहे आणि "चांगल्या कामासाठी" हा त्यावर उतारा नव्हे. अक्षरं कमी आणि वीतभर उंच ठेवा, स्कूटरवरून जाणाऱ्याला वाचता येतील इतकी. डब्यावर शिसं किती ते बघा: २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे आणि ब्रश मुलांच्या हातात असतो.

ब्रश मात्र व्हाळात, म्हणजे ओढ्यात, धुऊ नका! अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. मासा वाचवा असं लिहून झाल्यावर बादली माशाच्या डोक्यावर ओतताना मी स्वतःला पकडलं आहे. पाणी बादलीत रात्रभर बसू द्या, वरचं पाणी जमिनीवर जिरवा, खालचा गाळ वर्तमानपत्रावर सुकवून कचऱ्यात द्या.

आता बिघडलंच आहे, तर?

फोड फक्त खालच्या दोन फुटांत असतील तर वरचं चित्र वाचतं. खालचा भाग चिऱ्यापर्यंत खरवडा आणि तिथे परत रंग लावू नका. सगळीकडे पोपडे असतील तर डागडुजीवर पैसे घालू नका, मार्चपर्यंत सुकू द्या आणि नव्याने करा. नुसतं शेवाळ असेल तर कोरड्या दिवशी ताठ ब्रशने घासून काढा, वरून रंग फासू नका. उरलेल्या रंगाचे डबे शेड नंबर लिहून शाळेच्या कपाटात ठेवा. तीन वर्षांनी तोच हिरवा शोधायला गेलं की मिळत नाही.

त्या मानशीच्या भिंतीचा खालचा पट्टा आम्ही असाच खरवडून उघडा ठेवला आहे. पावसात चिरा ओला होऊन काळपट लाल होतो आणि ओल कुठवर चढली ती रेषा स्पष्ट दिसते. मी सांगितलं नव्हतं, पण गेल्या वर्षीपासून मुलं दर ऑगस्टला त्या रेषेवर खिळ्याने ओरखडा काढतात आणि बाजूला तारीख कोरतात.