शेफ व्हायचंय? फी भरायच्या आधी हे बघा (सोलापूरकरांसाठी)

बारावीचा निकाल लागला की विषय निघतोच, पोराला स्वयंपाकाची लई आवड आहे, हॉटेल मॅनेजमेंटला टाकावं का. माझं म्हणणं सरळ आहे, आधी त्याला महिनाभर खऱ्या किचनमध्ये उभं करा. लग्नसराईत एखाद्या आचाऱ्याकडं लावा नाहीतर ओळखीनं होटगी रोडच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात, पगार नाही मिळाला तरी चालतंय. रविवारी घरी पनीर करून स्टेटसला टाकणं वेगळं आणि सकाळी पोतंभर कांदा समोर ओतला की दुपारच्या पंगतीआधी तो सगळा एकसारखा बारीक चिरून देणं वेगळं, त्यात आपला मे महिना, आत भट्टी पेटलेली, वस्ताद डोक्यावर ओरडायलाय आणि जेवायला चार वाजलेत. एवढं होऊनसुद्धा दुसऱ्या दिवशी पोरगं कुणी न उठवता निघालं तर पुढचं वाचा. नाही निघालं तर फी वाचली, आवड घरी राहू दे की.

आता दुसरी गोष्ट, जी ॲडमिशननंतर बऱ्याच जणांना कळते. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे नुसता स्वयंपाक नाही. त्यात फूड प्रॉडक्शन म्हणजे स्वयंपाकाबरोबर सर्व्हिस म्हणजे वाढणं, फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शन आणि हाउसकीपिंग म्हणजे खोल्यांची साफसफाई पण असते, म्हणजे बेडशीट कशी घालायची हेही शिकायचं आणि त्याची परीक्षा पण द्यायची. ज्याला पुढं हॉटेलात मॅनेजर व्हायचंय किंवा अजून नक्की ठरलेलं नाही त्याच्यासाठी हे चांगलंच आहे. पण ज्याला फक्त गॅससमोरच उभं राहायचंय त्यानं बाकीचे रस्ते पण बघावेत.

रस्ते असे. केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंट कौन्सिलखालच्या आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) कॉलेजांत 3 वर्षांची बीएस्सी असते, त्याला एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बारावी कुठल्याही शाखेची चालते पण इंग्रजी विषय पाहिजे. पेपरात इंग्रजीचा भाग वेगळा असतो, आपल्याकडची पोरं तिथंच मार खातात, तेव्हा अकरावीपासूनच इंग्रजीकडं बघा. मुंबईचं दादरचं आयएचएम 1954 सालचं, नाव मोठं आणि तिथं नंबर लागणं पण तेवढंच अवघड. दुसरा रस्ता बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचीच डिग्री, 4 वर्षांची, राज्याच्या सीईटीतून, पुण्यातली बरीच कॉलेजं यात येतात. निव्वळ कलिनरी म्हणजे स्वयंपाकाचंच शिक्षण करायचं असेल तर तिरुपती आणि नोएडाला इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट आहे. तिरुपती ऐकून लांब वाटतं पण सोलापूरवरून तिरुपतीजवळच्या रेणीगुंट्याला थेट गाडी आहे, आणि पूर्व भागात तेलुगू बोलत वाढलेल्या पोरांना तिथं भाषेचाही त्रास नाही.

आणि ज्याच्याकडं कुणी बघतच नाही तो रस्ता म्हणजे आयटीआय. फूड प्रॉडक्शन जनरल किंवा बेकर अँड कन्फेक्शनर, दोन्ही 1 वर्षाचे ट्रेड. आपल्या जवळच्या आयटीआयत यंदा यातलं काय आहे ते फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या. कौन्सिलचा फूड प्रॉडक्शन अँड पॅटिसरीचा (स्वयंपाक आणि केक-पेस्ट्री) दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स पण आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी तरी हेच सांगेन, छोटा कोर्स करा आणि लगेच कॉमी, म्हणजे किचनमधला सगळ्यात खालचा शेफ, म्हणून लागा. लोन काढून साध्यासुध्या प्रायव्हेट कॉलेजात 4 वर्षं घालवून पण सुरुवात बऱ्याचदा कॉमीपासूनच होते, तोवर छोटा कोर्सवाला हात बसवून पुढं गेलेला असतो. डिग्रीचा फायदा नंतर होतो, वरच्या पोस्टला नाहीतर परदेशात कागद मागतात तेव्हा. क्रूझवर जायचं स्वप्न असेल तर त्याला एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचं ट्रेनिंग) आणि सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं ओळखपुस्तक) वेगळं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी आधीचा अनुभव विचारतात, कॉलेजवाले हे शेवटी सांगतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन येऊ नका, प्रॅक्टिकल चालू असेल त्या दिवशी जा आणि किचन दाखवा म्हणा. एका शेगडीभोवती सहा पोरं उभी आहेत, एक जण परततोय आणि बाकीचे जर्नलमध्ये लिहून घ्यायलेत, असं दिसलं तर समजून जा. शेगड्यांवर तेलाचे डाग आहेत की सगळं नवंकोरं चकचकीत तेही बघा. विचारायचं काय, तर आठवड्यात प्रॅक्टिकल किती, माल कॉलेज देतं का वेगळे पैसे घेतं, मागच्या बॅचचं हॉटेलातलं ट्रेनिंग कुठं कुठं झालं. हे उत्तर सरांकडून नको, गेटबाहेर चहाच्या गाड्यावर थर्ड इयरची पोरं भेटतील, त्यांच्याकडून घ्या. प्लेसमेंट शंभर टक्के म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की किचनमध्ये किती लागले, कारण कॉल सेंटरला लागलेला पण त्यात मोजलेला असू शकतो.

शाकाहारी घरांसाठी एक. चिकन, मासे, अंडी सगळं सिलॅबसमध्ये असतं आणि हातानं साफ करावं लागतं. मध्यंतरी अहमदाबाद, भोपाळ, जयपूरच्या आयएचएमनी शाकाहारी पर्याय ठेवला होता, पण बाकीकडं ॲडमिशन घेतल्यावर वाद घालून काही होत नाही, आधीच विचारा.

मुलीला पाठवावं का, तर पाठवा की. फक्त ब्रेक शिफ्ट (मधे काही तास सुट्टी देऊन दोन भागांत काम), नाइट शिफ्ट असते आणि दिवाळीला सुट्टी नसते, हे घरच्यांनी आत्ताच ऐकून घ्यावं. जिला घरून केक करून विकायचेत किंवा शेंगा चटणी, कडक भाकरीचा धंदा वाढवायचाय तिला डिग्रीची गरजच नाही, बेकरीचा छोटा कोर्स, एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्न सुरक्षा खातं) रजिस्ट्रेशन आणि हिशोब नीट ठेवता आला की झालं.

खर्च काढताना नुसती फी धरू नका. युनिफॉर्म, सेफ्टी शूज, सुऱ्यांचा किट, पुण्यामुंबईत रूम आणि मेस, आणि ट्रेनिंगच्या महिन्यांत मिळणारा स्टायपेंड रूमभाड्याला पण पुरेल याची खात्री नाही, ते पैसे घरून जाणार असंच धरून चाला.