गाणी आणि सिनेमा, एकाच संचावर: माझा अनुभव
दादरच्या आमच्या १० बाय १२ च्या हॉलमध्ये सिनेमातले संवाद पुटपुटल्यासारखे वाटायचे आणि गाण्यात डग्गा नुसता घुमायचा. नवा अँप (अँप्लिफायर) घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निघालोच होतो, पण आधी सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यातून काढून पाहिला. कोपऱ्यात दोन्ही भिंती खर्ज फुगवतात. मीटरभर सरकवला, रिसीव्हरवर (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रावर) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला आणला, आणि डग्ग्याची मींड पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली! खर्च फक्त सेंटर स्पीकरवर केला, ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) बहुतेक संवाद तिथूनच येतात. तो टीव्हीखाली, तोंड किंचित वर करून ठेवला. गाण्यांसाठी मात्र स्टिरिओ मोडच, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनल. आई आता रात्री आवाज न वाढवता अख्खा सिनेमा बघते.